खालच्या घाटाचं पाणी

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली होती. वरचा कागद सोलून काढलेला, झाकणावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेली. हिरानं ती रतन ओव्हाळच्या टेबलावर फायलींच्या बरोबर मधे ठेवली आणि खुर्ची मोकळी असूनही ती उभीच राहिली. बाटलीतलं पाणी दिसायला स्वच्छ होतं. मागे पांढरा कागद धरून पाहिलं तर मात्र त्यात एक फिकट पिवळी झाक होती. रतननं कागद धरून पाहिलं, कारण पंचवीस वर्षं तो पाणीच पाहत आला होता आणि कुणी काही सांगण्याआधी त्याचा हात कागदाकडे जायचा. "आमच्या हिरीचं हाय," हिरा म्हणाली. "खालच्या घाटावरच्या. तुमी बगा." अर्ज आणलाय का, असं त्यानं सवयीनं विचारलं आणि विचारल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. "अर्ज कशापायी?" ती म्हणाली. "तुमीच सांगितलं न्हवं माईकवर, पानी चांगलं हाय म्हनून. मंग माझ्या पोरीच्या हाताची सालं का निघत्यात, येवढंच सांगा." त्यात भांडण नव्हतं. दुकानदाराला वजन पुन्हा करायला सांगावं इतक्या साधेपणानं ती बोलली. तिची दोनची ड्यूटी होती, तळ्याकाठच्या कॉम्प्युटर कंपनीत झाडलोट करायची. ती गेली, आणि बाटली राहिली.

माईक. तीन आठवड्यांपूर्वी बोरतळ्याच्या शाळेसमोर मांडव घातला होता. जनसुनावणी होती. कॉम्प्युटरच्या लोखंडी सांगाड्यांना क्रोमियमचा चकचकीत मुलामा देणारा एक कारखाना सात वर्षांपूर्वी तळ्याच्या खालच्या अंगाला आला होता, त्याला आता दुप्पट व्हायचं होतं. चारशे नव्या नोकऱ्या, असं फलकावर लिहिलं होतं, आणि त्या चारशेतली आपली कोणती हे हेरत गावातली पोरं पुढच्या रांगेत बसली होती. रतनला तिथं बोलायचं असं काही नव्हतंच. सरकारी प्रयोगशाळेतला तो मधल्या फळीचा रसायनतज्ज्ञ, अहवाल वाचायचा आणि खाली बसायचं. पण बायकांतून हिरा उठली आणि तिनं विचारलं, की विहिरीचं पाणी जिभेला चरचरतं, ते का? आयोजकांनी माईक त्याच्या हातात दिला. तेव्हा तो म्हणाला होता, "गेली अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी मी स्वतः या तलावाचा नमुना घेतो. पाणी वापरण्यायोग्य आहे." 'मी स्वतः' म्हणताना त्याचा आवाज जरा चढला होता, हे त्याला आत्ता टेबलाशी बसून ऐकू आलं. टाळ्या पडल्या होत्या. हिरा खाली बसली होती, कारण बोलणारा कुणी परका साहेब नव्हता. वस्तीतल्या तात्यारावांचा मुलगा होता तो. तात्यारावांचा मुलगा खोटं कशाला बोलेल? आणि तो खोटं बोललाच नव्हता, हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट होती. अहवालातला प्रत्येक आकडा खरा होता.

त्यानं दार लावून घेतलं, बाटलीची सुतळी सोडली आणि काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं. क्रोमियमची परीक्षा सोपी असते. आम्ल घालायचं, मग औषधाचे चार थेंब टाकायचे आणि थांबायचं. पाण्यात ते विष असेल तर पाणी जांभळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. नवख्या मुलांना तो सांगायचा, दहा मिनिटं थांबा, घाई करू नका. त्यानं मनात आकडे मोजायला सुरुवात केली आणि सहालाच थांबला. वांग्याच्या भाजीचं भांडं विसळावं तसं पाणी झालं होतं. मग त्यानं रीतसर यंत्रावर आकडा काढला, कारण आकडा काढल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नसे. मर्यादेच्या नऊपट. आकडा आला आणि तरी काही खरं वाटेना. खिडकीबाहेर रिक्षावाले भांडत होते, कुणीतरी कॅन्टीनमधून दोन कटिंग मागवत होतं, आणि त्याच्या मनात एकच वाक्य फिरत राहिलं: त्या घाटाचा नमुना मी कधी घेतलाच नाही.

बोरतळ्याच्या तळ्याला दोन घाट. इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामावर बांधलेलं तळं ते. डोंगरातला ओढा येऊन मिळतो त्या वरच्या अंगाला देवळाचा घाट, घडीव दगडांचा, रुंद पायऱ्यांचा. पाणी तिथून येतं आणि हळूहळू सांडव्याकडे सरकतं. तिथं, खालच्या अंगाला, नुसत्या दगडांची उतरंड रचलेली, तो खालचा घाट. वरच्यांनी वापरून उरलेलं पाणी खालच्यांनी भरायचं, अशी ती सोय होती, आणि ती इतकी जुनी होती की पाण्याच्या उतारासारखीच ती निसर्गाची वाटायची. रतन जन्मला त्याच वर्षी त्याच्या बापानं, तात्यारावांनी, दीक्षा घेतली. देव बदलले, मनं बदलली, घाट बदलले नाहीत. नऊ वर्षांचा असताना तो एकदा दुपारी एकटाच देवळाच्या घाटावर गेला. कुणी हाकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. पाटलांची तुळजाबाई तेवढी तिथं होती, भरलेला हंडा पायरीवर ठेवून. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हंडा उचलून सगळं पाणी पायरीवर ओतून दिलं, राखेनं हंडा घासला आणि पुन्हा भरायला वाकली. एक शब्द नाही. चेहऱ्यावर राग नाही. दूध उतू गेल्यावर बायका ओटा पुसतात तेवढंच. ओतलेलं पाणी पायऱ्यांवरून त्याच्या पावलांपर्यंत आलं आणि त्याला त्या उन्हात ते फार गार लागलं. हे त्यानं आईला सांगितलं नाही, पुढे बायकोला, शर्मिलालाही नाही. पुढच्याच वर्षी तात्याराव खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले, बिऱ्हाड ताडीवाला रोडच्या एका खोलीत आलं, तिथं नळ होता आणि नळाला रांग होती. रांगेत भांडणं व्हायची, डोकी फुटायची, पण पाणी सगळ्यांचं एकाच तोटीतून पडायचं. रतनला ती भांडणं आवडायची.

मग चौऱ्याण्णव साल. उद्योगांवरचे परवाने सुटले होते, नगर रस्त्याला जमिनींचे भाव रोज वेगळे ऐकू यायचे आणि वरून हुकूम आला होता, की वाढत्या भागातल्या जलाशयांवर लक्ष ठेवा, प्रत्येकाचं एक नमुना केंद्र ठरवा. रतन सरकारी जीपमधून बोरतळ्यात उतरला. दत्तोबा पाटील, तुळजाबाईंचा मुलगा, सरपंच होता. तो छत्री घेऊन धावत आला. "साहेब, नमुना कुठनं घ्यायाचा?" त्यानं विचारलं. नियमाच्या पुस्तकात होतं, की जिथून लोक पितात आणि जिथं घाण येऊन मिळण्याचा संभव आहे, ती जागा आधी बघावी. रतनला पुस्तक पाठ होतं. त्यानं हात करून देवळाचा घाट दाखवला. बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकेक पायरी उतरत तो पाण्यात गेला. मागे छत्री धरून दत्तोबा, स्वतः उन्हात. तिसऱ्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं तेव्हा रतनच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं, की बाटलीचं बूच त्याच्या हातून पडलं. वर ओसरीवर म्हातारी तुळजाबाई बसली होती. तिनं त्याच्यासाठी चहा पाठवला, कपबशीतून. केंद्राची नोंद झाली: देवळाचा घाट. त्यानंतर अकरा वर्षं, दर तीन महिन्यांनी, बूट काढून. हाताखालचा माणूस पाठवता आला असता, पण या एका तळ्यावर तो स्वतः जायचा. कामसू आहे, असं कचेरीत म्हणायचे. ही खरं तर चैन होती, आणि तेवढी एक चैन त्यानं आयुष्यात केली. कारखाना आला तेव्हा त्याचा नाला सांडव्याजवळ, खालच्या घाटाला येऊन मिळाला. जीपमधून तो नाला दिसायचा. रतननं तो पाहिला होता. पाहिला होता, हे आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. एकदा ड्रायव्हर म्हणालाही होता, साहेब, तिकडचं पण घेऊ का एक बाटली? तो म्हणाला, नको, केंद्र हेच आहे. खालच्या घाटावर वाकून पाणी भरायचं, म्हणजे पुन्हा तिथंच जायचं. त्याचे गुडघे तिकडे वळत नव्हते.

रविवारी तो एकटाच गेला, खालच्या घाटावर आणि विहिरीवर, बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन. भर दुपारी वस्ती सुस्त होती, त्याला कुणी पाहिलं नाही आणि त्यानंही कुणाला हाक मारली नाही. बाहत्तरच्या दुष्काळात वस्तीनं खणलेली विहीर ती, तळ्यापासून पंचवीस पावलांवर. तळं झिरपतं ते तिच्यात उतरतं. सोमवारी पुन्हा नळी, पुन्हा चार थेंब, पुन्हा ते वांगी रंगाचं पाणी. घरी तो दोन दिवस नीट जेवला नाही. त्याची मुलगी कल्याणी त्याच तळ्याच्या वरच्या काठावर कॉम्प्युटर कंपनीत होती. गळ्यात पट्टा, सकाळी बस दारात. "बाबा, तुमचं बीपी वाढलंय का?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती ऐकता ऐकता पोह्यातले दाणे बाजूला करत राहिली. "पण आमच्या कॅम्पसला आरओ आहे," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं असावं. "म्हणजे, आय नो, वस्तीला नाहीये. पण बाबा, आमच्या फेज टूचं क्लिअरन्सही तुमच्याच रिपोर्टवर आहे. तो रिपोर्ट चुकीचा निघाला तर सगळंच अडकणार. माझ्या टीममधले बारा जण नव्या बिल्डिंगसाठी घेतलेत, ऑलरेडी." ती वाईट मुलगी नव्हती. हिराला ती ओळखत होती. हिरा त्यांच्या मजल्यावरच्या कूलरमधून दोन बाटल्या भरून रोज घरी पोरीसाठी न्यायची आणि कल्याणी तिला भरू द्यायची. मग गेटवर पिशव्या तपासायला लागले, बाटल्या बंद झाल्या. आता हिरा नगर रस्त्यावरच्या नळावरून, जाऊन-येऊन पाच किलोमीटर, हंडा आणत होती, नुसता पोरीपुरता. "तुम्हीच सगळ्यांना सांगायचात ना," कल्याणी उठता उठता म्हणाली, "की आपल्या गावच्या तळ्याकाठी माझी मुलगी एसीत बसते म्हणून." तो तसं सांगायचा. अगदी पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसालाही सांगायचा. तळ्याला येणारी सगळीच माणसं विष घेऊन येत नव्हती, त्यातल्या काहींनी त्याच्या घरात फ्रीज आणला होता, आणि कुठं बोट ठेवायचं हे त्याला समजेना.

त्याच्या वरिष्ठांनी, फाटकसाहेबांनी, आकड्यांचा कागद एकदा वाचला, उलटा करून पाठचा कोरा भागही वाचल्यासारखा पाहिला. "ओव्हाळ, आपण रविवारी काय करता?" त्यांनी विचारलं. रतन म्हणाला, या रविवारी नमुना घेतला. "लोक झोपतात," फाटक म्हणाले. "बरं असतं तब्येतीला. हा नमुना कुणाच्या आदेशानं?" कुणाच्याच नाही. "म्हणजे छंद. आणि हे बोरतळ्याचं नमुना केंद्र कुणी ठरवलं होतं?" रतन म्हणाला, मी. "तिथंच का?" इथं रतनला बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं: तुळजाबाईंचा हंडा, पायरीवरून आलेलं गार पाणी, तिसरी पायरी. पण ते या टेबलावर, या पंख्याखाली, या माणसापुढे कुठल्या शब्दांत ठेवायचं? "प्रातिनिधिक जागा म्हणून," तो म्हणाला. "मग आता काय झालं? तळं कुशीवर वळलं?" फाटक हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. "चव्वेचाळीस अहवाल आहेत. चव्वेचाळीस सह्या. त्यांतली एकही माझी नाही, हे आपलं सहज सांगितलं. केंद्र बदलायचं तर प्रस्ताव पाठवा. समिती बसेल. पावसाळ्यानंतर बसेल, कारण अध्यक्ष परदेशी गेलेत." साहेब, लोक पितायत ते, रतन म्हणाला. फाटकांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते एकदम म्हातारे आणि थकलेले दिसले. "मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण चूक झाली असं आपण म्हटलं, की पहिला प्रश्न येईल, कुणाची. कारखान्याचं कुणी विचारणार नाही. ते तुमचेच कागद पुढे करतील, अकरा वर्षांचे, शिक्क्यानिशी. तोवर गावात जाऊन काही बोलू नका. बोललात तर तो ओव्हाळांचा आवाज असेल, खात्याचा नाही." रतननं प्रस्ताव लिहिला. 'पुढील बैठकीत ठेवावा' असा शेरा त्यावर दुसऱ्याच दिवशी आला. इतक्या तत्परतेनं या कचेरीत आजवर कशावरच शेरा आला नव्हता.

शनिवारी तो निघाला. ओव्हाळांचा तर ओव्हाळांचा आवाज. बसमध्ये तो वाक्यं जुळवत होता. 'विहिरीचं पाणी पिऊ नका, अंघोळीलाही नको, मी टँकरसाठी अर्ज करतो.' हे सोपं होतं. 'माझी चूक झाली' हे त्याच्या पुढे जोडायचं की मागे, तेवढंच ठरत नव्हतं. वाघोलीला उतरून सहा आसनी रिक्षानं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. वाटेत जिथं पूर्वी हरभरा असायचा तिथं इमारतींची हाडं उभी होती, बांबूंच्या परांचीत गुंतलेली. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंपनीची भिंत आली होती, भिंतीपलीकडे घाट, घाटाभोवती पळायला लाल मातीची वाट आणि फाटकाशी दोन पहारेकरी. भिंतीच्या सावलीत दगडावर दत्तोबा पाटील बसला होता. जमीन त्याच्या पोरानं, विक्रमनं विकली होती, आणि आता दत्तोबाला दिवसभर बसायला तेवढी सावली उरली होती. "साहेब, आज जीप न्हाई?" तो उठला. त्यानं सवयीनं भोवती छत्री शोधली, ती नव्हती. "चला की आत. तुमाला सोडत्यात. आमाला पास मागत्यात. आमच्या बापजाद्याचा घाट, आन् ते पोरगं म्हनतंय, आजोबा, ऑथराइज्ड हाय का तुमी?" चाळीस वर्षांपूर्वीच्या रतनला हे ऐकवलं असतं तर तो नाचला असता. आत्ता त्यानं आनंदाची वाट पाहिली आणि काहीच आलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून उन्हानं पाणी गळत होतं. आज नमुना नाही, दत्तोबा, असं म्हणून तो खालच्या वाटेला लागला. "तिकडं कुठं?" दत्तोबानं मागून विचारलं, खरोखरच्या आश्चर्यानं.

वस्तीत निळे झेंडे नवे होते, विहाराला रंग दिला होता. चुलती सुंदराबाई दारातच निवडणं करत बसली होती. पंचाहत्तरीची बाई, पण नजर सुईत दोरा ओवायची. "कोन, रतन? वाट चुकला जनू," ती म्हणाली आणि हातातलं सूप टाकून उठली. दहा वर्षांत तो इथं कितीदा आला होता? जीपमधून हात केला होता, एका मयताला आला होता. काही क्षणांत ओसरी भरली. नागोराव आला, वडिलांच्या बरोबरचा, काठी टेकत. बायका आल्या. हिरा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, काखेत चार वर्षांची पोर. पोरीच्या हातांना खोबरेल लावलं होतं, आणि तरी बोटांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी उठलेली होती. रतननं तिकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य विसरला. तेवढ्यात सुंदराबाई आतून तांब्या घेऊन आली. पितळेचा, घासून लखलखीत केलेला, तोंडापर्यंत भरलेला. "घे. सकाळीच भरलंया, गार हाय. उनाचा आलास." तिनं तांब्या पुढे धरला आणि हात तसाच राहिला.

या वस्तीत पाहुण्याची परीक्षा एकच असायची. मामलेदार यायचा, त्याचा नुकताच चहा झालेला असायचा. शाळेचे मास्तर यायचे, त्यांचा बारमाही उपास. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस तांब्या हातात घ्यायचा, फोटो झाला की ओठ न लावता खाली ठेवायचा. वस्तीत पाऊल टाकलं की भल्याभल्यांची तहान मरायची, आणि लोक काही बोलायचे नाहीत, फक्त लक्षात ठेवायचे. कोण प्याला, कोण नाही, याची यादी नागोरावाला तोंडपाठ होती. रतनला हे सगळं ठाऊक होतं, आणि पाण्यात काय आहे तेही या सगळ्यांत एकट्यालाच ठाऊक होतं. नको म्हणायचं? कारण नंतर सांगता आलं असतं, पण आधी 'नको' ऐकू गेलं असतं. तात्यारावांचा मुलगा, साहेब झालेला, दहा वर्षांनी दारात आलेला, त्यानं आपल्या हातचं पाणी नाकारलं. मग पुढचं कोण ऐकणार? एका तांब्यानं आपल्याला काय होणार आहे, त्यानं स्वतःला समजावलं. आधी पिऊ, मग सांगू. घरच्या माणसानं सांगितल्यासारखं सांगू. सुंदराबाईच्या हातातून त्यानं तांब्या घेतला. वरून न ओतता तोंडाला लावून तो प्याला, गटागटा, थेट तळापर्यंत. पाणी गार होतं. जिभेच्या कडेला जरासं चरचरलं, तेवढंच. त्याला खरंच तहान लागली होती. तांब्या खाली ठेवला तेव्हा ओसरीवर सगळे हसत होते, आणि सुंदराबाईनं पदरानं डोळे टिपले.

"काकी," तो म्हणाला, "हे पाणी पिऊ नका." तिला वाटलं थट्टा आहे. "मंग तू का प्यालास रं?" सगळे पुन्हा हसले. त्यानं सांगायला सुरुवात केली. नळीतला जांभळा रंग सांगितला, नऊपट सांगितलं, नाला सांगितला. त्याला स्वतःला ते वर्गात शिकवल्यासारखं ऐकू येत होतं. नऊपट म्हणजे किती, असं कुणी विचारलं, आणि त्यानं मिलिग्रॅम सांगितले आणि तो थांबला. "पर माईकवर तर चांगलं म्हनलास," नागोराव म्हणाला. "कागद लावलाय पंचायतीत, तुझ्या सहीचा. आमी वाचलाय." मग रतन ते बोलला, जे फाटकांपुढे बोलता आलं नव्हतं. "तो नमुना इथला नव्हता, नाना. मी देवळाच्या घाटावरून घ्यायचो. मुद्दाम. मला त्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचं होतं." त्याला वाटलं, आता उठतील, शिव्या देतील, आणि दिल्या तर फार बरं होईल. नागोरावानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ठावं हाय की," तो हळूच म्हणाला. "जीप आली, की आमी समदी बांधावर येऊन हुबी ऱ्हायचो. तू बूट काढून पान्यात उतरायचास आन् पाटील छत्री धरायचा. तुझा बाप असता तर... लई बरं वाटायचं, लेकरा. चूक कशाची त्यात?" बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहाचं आधण ठेवायला उठलं. अकरा वर्षं रतनला वाटत होतं की ती चैन त्याची एकट्याची आहे. अख्खी वस्ती ती त्याच्याबरोबर करत आली होती आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

आधण कुठल्या पाण्याचं, हे त्याच्या मनात आलं तेव्हाच दाराची चौकट रिकामी असल्याचं त्याला दिसलं. हिरा कधी गेली? तो उठला, चपला न घालता बाहेर आला. विहिरीचा रहाट कुरकुरत होता. हिरा पाणी शेंदत होती, पायाशी तिचा पितळी हंडा अर्धा भरलेला, आणि पोर विहिरीच्या कठड्याला धरून उभी. "हिरा, थांब! पोरीला नको हे!" तो ओरडला. तिनं दोर आवळून धरला आणि वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर महिन्याभराचं ओझं उतरल्यासारखी नुसती मोकळीक होती. "न्हाई, आता कशाला तितकं लांब जाऊ साहेब," ती म्हणाली. "डोस्क्यात उगं भ्या शिरलं हुतं माझ्या. तुमी तांब्या तोंडाला लावला तवाच मी बगितलं, आन् तशीच हिकडं आले. लोकं काय, बोलत्यात मागनं कायबी. प्यालात की तुमी." पोरीला दिलंस का, त्यानं विचारलं. "आत्ताच पाजलं की," हिरा म्हणाली.

पोरीच्या हातात स्टीलचा पेला होता, रिकामा. तिनं तो सोललेल्या बोटांनी घट्ट धरला होता. आईकडे न बघता तिनं तो रतनपुढे केला, कारण तो जवळ उभा होता.

"आजून," ती म्हणाली.